बर्नडीनचे अर्धे घर

बर्नडीन हुदाकने आजवर किती नाके फोडली याची मोजदाद नंबर नऊमध्ये, म्हणजे आमच्या खाणवस्तीत, कोणी ठेवलेली नाही. ठेवायचीच झाली तर शाळेपासून सुरुवात करावी लागेल. नवव्या वर्षी तिने वर्गातल्या एका मुलाचे नाक फोडले, कारण त्याने तिच्या धाकट्या बहिणीच्या, कोलेटच्या, वेणीला डिंक फासला होता. वर्गावरच्या सिस्टरने, म्हणजे ननने, तिला लाकडी पट्टीने बडवले. बर्नडीनने ती पट्टी हिसकावून गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे सिस्टरच्या टेबलावर नीट ओळीने ठेवून दिले. बाप मिकी हुदाक हे ऐकून पोट धरधरून हसला. तो कोळशाच्या खाणीत होता, आणि खाण बंद पडल्यावर गावच्या अग्निशामक दलाने चालवलेल्या बारमध्ये होता. दर शनिवारी मार खाऊन तरी येई, नाहीतर देऊन तरी. पोरीला त्याने एकच विद्या शिकवली. "पहिला ठोसा आपला असावा पोरी. दुसरा कुणाचा का असेना!"

पुढे ती डुकरांच्या कारखान्यात लागली. तीस वर्षे बरगड्या सोडवायचे काम. एकदा मुकादमाने नको तिथे हात लावला, तेव्हा तिने समोरचा डुकराचा पाय उचलून त्याच्या तोंडावर असा हाणला की त्याचे दोन दात सरकत्या पट्ट्यावरून मांसाबरोबर पुढे निघून गेले. दोन आठवडे तिला घरी बसवले. ती परत आली तेव्हा मुकादमाने पाळी बदलून घेतली होती. नवरा म्हणाल तर एक झाला होता, पण तो दीड वर्षात कॅनडाला पळाला, आणि माझे प्रामाणिक मत असे की त्याने शहाणपणा केला.

अशी ही बाई कोलेटपुढे मात्र हतबल. कोलेटला तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता, तोही वीस वर्षे. नवरा रेजिस बाहेर गोड माणूस. चर्चच्या जेवणावळीत बटाटे सोलणार, म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ उपसणार. घरात गेला की तो दुसराच कोणी होई. कधी कोलेटचे मनगट मोडलेले असे, कधी कान सुजलेला, आणि विचारले की "जिन्यावरून पडले." बर्नडीनने रेजिसला चर्चच्या पायरीवर, बारमध्ये आणि एकदा त्याच्या मामाच्या अंत्यविधीला, तीनदा झोडपले. तिन्ही वेळा त्याची वसुली त्याने घरी जाऊन कोलेटकडून केली. तेव्हापासून बर्नडीन मुठी खिशात घालून हिंडायला शिकली, आणि ते तिला फार जड गेले.

त्या वर्षी मार्चमध्ये रेजिसने ओव्हनच्या दारात धरून कोलेटचा जबडा मोडला. सहा महिन्यांची शिक्षा झाली. तो चोवीस सप्टेंबरला, सोमवारी दुपारी सुटणार होता. आणि कोलेटने स्वतःच्या हाताने लिहून दिले होते की त्याला घरी येऊ द्या.

"लिहून दिलंस?" बर्नडीन ओरडली. "तुझ्या डोक्यात काय भुसा भरलाय?"

"घर आहे माझं ते बर्नी. मी कुठे जाऊ?"

"माझ्याकडे ये!"

"लाँड्रीच्या वर दोन खोल्यांत? चौदा मैलांवर? नाही. मी माझ्या घरातून हलणार नाही."

ती हलणार नाही, तर मग मीच जाते, असे बर्नडीनने ठरवले. नंबर नऊमधली सगळी घरे खाण कंपनीने बांधलेली जोडघरे. एका छपराखाली दोन अर्धी घरे, मधे एक भिंत. कोलेटच्या शेजारचे अर्धे म्हाताऱ्या स्टश ओलेक्साचे होते आणि ते विकायला निघाले होते. बर्नडीनने किमतीवर हुज्जत घातली नाही, जी ती एरवी पावाच्या लादीवरही घाली. करार झाला. सह्या करून चाव्या हातात घ्यायच्या दिवसाला आमच्याकडे सेटलमेंट म्हणतात. ते ठरले चौदा सप्टेंबर, शुक्रवार. रेजिस यायच्या आधी दहा दिवस. भिंतीच्या अलीकडे आपण बसलेलो असलो म्हणजे पलीकडे हात उचलायची त्याची छाती होणार नाही, एवढाच तिचा विचार होता. उचललाच, तर दोन उड्यांत आपण तिथे.

चौदा तारखेला वकीलबाई मार्ला क्विनच्या कचेरीत बर्नडीन चर्चचा कोट घालून दोन तास बसली. स्टश आला नाही. शेवटी त्याचा फोन आला. "जोसेफ सापडत नाही," तो म्हणाला.

आता घर विकायचे तर संत जोसेफची मूर्ती अंगणात उलटी पुरतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. डोके खाली, पाय वर. बिचारा सुतार माणूस, डोक्यावर उभा राहून कावतो आणि सुटका व्हावी म्हणून गिऱ्हाईक आणून देतो. पण गिऱ्हाईक आले की सह्यांच्या आधी त्याला उकरून काढायचे, धुवायचे आणि नव्या घरी मानाने न्यायचे. स्टशच्या मेहुण्याने कधीकाळी ही कुचराई केली होती, आणि त्याचे नवे घर सहा महिन्यांत जळून खाक झाले होते. स्टशची बायको हेलन वारली होती आणि तो आता मुलीकडे राहायला जाणार होता. मूर्ती मिळाल्याशिवाय तो पेन हातात धरणार नव्हता.

मार्लाबाईंनी मुदतवाढीच्या कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या. एकवीस तारीख पडली. "आणि तेव्हाही नाही आला तर?" बर्नडीनने विचारले.

"नोटीस देऊ. मग कोर्टात जाऊ. कोर्ट त्याला विकायला लावेल."

"किती दिवसांत?"

"वर्ष धरा."

बर्नडीन उठली ती थेट नंबर नऊला. स्टशचे अंगण पाहून ती दारातच थबकली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाने अंगण असे खणले होते की रानडुकरांचा कळप येऊन गेला म्हणावे. तिने कोट काढून खांबाला अडकवला, दुसरे फावडे घेतले आणि तीही खणू लागली. सोमवारी कारखान्यातून आली आणि खणले. मंगळवारी खणले. जुन्या बाटल्या निघाल्या, एक बूट निघाला, कुत्र्याची कवटी निघाली. संत काही निघेना.

बुधवारी तिने दुकानातून नवा जोसेफ आणला, त्याला चिखल फासला, आणि स्टश डॉक्टरकडे गेला असताना पायरीजवळ पुरून ठेवला. संध्याकाळी दोन फावडी मारून ती ओरडली, "सापडला!"

स्टशने मूर्ती हातात घेतली. नखाने खरवडली. दाताने चावून पाहिली.

"प्लास्टिक."

"असेल. काय बिघडलं?"

"माझ्या हेलनचा जोसेफ प्लास्टरचा होता. त्याला नाक नव्हतं."

"अहो स्टश, जोसेफ तो जोसेफ! संत एकच असतो ना?"

"असं होय?" म्हाताऱ्याने ती मूर्ती तिच्या अंगावर भिरकावली. "मग बहीण ती बहीण. जा, दुकानातून दुसरी घेऊन ये."

बर्नडीनने फावडे टाकले. तिने त्याला अशी थोबाडीत लगावली की त्याची कवळी उडून खड्ड्यात पडली. म्हातारा गुडघ्यांवर बसला, पण तोही खाणीत वाढलेला. बसल्या जागेवरून त्याने फावड्याचा दांडा फिरवला आणि तो तिच्या भुवईवर बसला. भुवई फाटली. तिने त्याच्या सदऱ्याची कॉलर पकडली, त्याने तिचे केस धरले, आणि दोघेही चिखलात आडवे झाले. एक अठ्ठ्याहत्तरचा, एक छप्पन्नची. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी शिट्टी मारली.

दम संपल्यावर दोघे मागच्या पायरीवर बसले. स्टशने फ्रीजमधून गोठलेल्या पिरोगींची, म्हणजे बटाट्याच्या करंज्यांची, पिशवी आणून तिच्या भुवईवर दाबली.

"हात जड आहे तुझा," तो कवळी पुसत म्हणाला. "मिकीसारखा."

"सही कर ना रे म्हाताऱ्या," ती म्हणाली. एवढा वेळ तोंडात असलेले 'अहो' कुठल्या कुठे गेले होते. "पाया पडते तुझ्या. सोमवारी तो येतोय."

"ठाऊक आहे मला. वीस वर्षं ऐकतोय मी ते सगळं भिंतीतून. मी हातोडीनं ठोकतो. कुणीतरी ऐकतंय एवढं त्याला कळावं. कधी थांबतो तो. कधी नाही थांबत." त्याने कवळी तोंडात बसवली. "याहून जास्त मी कधी काही केलं नाही बर्नडीन. हेलन म्हणायची, जा, दार वाजव. मी गेलो नाही. आता हे घर तुला देऊन जाताना वर तिचा जोसेफही मागं टाकू? माझ्या मुलीचं घर जळालं तर तू येणार आहेस विझवायला?"

बर्नडीनला त्याचा राग आला आणि दयाही आली, दोन्ही एकदम. ती म्हणाली, "पुरलास तेव्हा कुठून मोजलं होतंस ते दाखव. चालून दाखव."

स्टश पायरीवर उभा राहिला. "दहा पावलं, झाडाच्या रोखानं. गुडघाभर बर्फ होता, वर काही दिसत नव्हतं." तो चालू लागला. सातव्या पावलाला कुंपणाला जाऊन धडकला.

"मग पुढची तीन पावलं कुठं टाकलीस?"

"तेव्हा कुंपण कुठं होतं? बर्फानं आडवं झालं होतं. मेमध्ये मीच तर…" तो बोलता बोलता थांबला.

सहा महिने संत जोसेफ डोक्यावर उभा राहून कोलेटच्या अंगणात पुरलेला होता. शेजारच्याचे घर विकायला! बर्नडीन इतकी हसली की भुवई पुन्हा फाटली.

गुरुवार आणि शुक्रवारी पाऊस कोसळला, कोलेटच्या बाजूला पाणी साचले, आणि एकवीस तारीखही तशीच गेली. शनिवारी सकाळी ऊन पडले. दोघे कुंपण ओलांडून कोलेटच्या अंगणात उतरले. कोलेट स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. जबडा जुळला होता, पण हसताना तोंड एका बाजूला जायचे. नवऱ्याला आवडतात म्हणून ती कोबीच्या पानांत मांस गुंडाळून ठेवत होती.

"बर्नी, त्या टोमॅटोंवर पाय नको देऊस हं. त्याला लागतात ते."

बर्नडीनने ओठ चावला आणि खणत राहिली. अकराच्या सुमारास फावडे टक्कन वाजले. स्टश पोटावर पालथा झाला आणि त्याने हात घालून मूर्ती काढली. बिननाकाचा संत. म्हाताऱ्याने अंगठा थुंकीने ओला करून त्याचे तोंड पुसले. "सोमवारी सकाळी नऊ," तो म्हणाला. "मार्लाला सांग. कचेरी उघडायच्या आधी मी दारात असेन." रेजिस यायला त्यानंतर चार-पाच तास होते. बर्नडीनने आयुष्यात पहिल्यांदा एका पुरुषाच्या गालाचा मुका घेतला असेल तर तो तेव्हा.

मागचे फाटक करकरले. हातात कागदी पिशवी घेऊन रेजिस उभा होता.

"अरे वा! माझ्या अंगणात जत्रा भरलीय."

"आज शनिवार आहे," बर्नडीन म्हणाली.

"आत जागा कमी पडली. चांगल्या वागणुकीची माणसं आधी सोडली." तो खड्डे बघत, तुडवलेले टोमॅटो बघत पुढे आला. कोलेटकडे वळला. "तू यांना आत घेतलंस?"

"ते फक्त त्या मूर्तीसाठी…"

"विचारलं तेवढंच सांग."

"हो."

त्याने चालता चालता स्टशच्या हातावर लाथ घातली. मूर्ती दगडावर आपटून फुटली आणि म्हातारा खड्ड्यात कोलमडला. बर्नडीनने फावडे डोक्यावर उचलले. रेजिसने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि मान पुढे केली.

"मार. सगळी गल्ली बघतेय, मार! म्हणजे सोमवारी आत तू आणि बाहेर मी."

आणि बर्नडीनने मारले नाही. छप्पन्न वर्षांत हात उगारल्यावर ती एकदाच थांबली, आणि नेमकी तिथे. रेजिसने कोलेटचा कोपर धरला, पाहुणीला आत न्यावे तसे तिला आत नेले, आणि दार लावले. मागे एकदा पोलिसांनी दार तोडले होते म्हणून त्याने दोन्हीकडे पोलादी दारे आणि खिडक्यांना गज बसवले होते. दोन कड्या आतून सरकल्या.

मग आवाज सुरू झाले. आधी भांड्यांचे. मग भांडी नसलेले. कोलेटचा आवाज नव्हताच, ती कधीच ओरडत नसे. बर्नडीनने दारावर फावडे घातले, दुसऱ्या घावात दांडा मोडला. खांद्याने धडक दिली, खांदा सुन्न झाला. समोरच्या बाईने पोलिसांना फोन केला. पोलीस चाळीस मिनिटांवर होते.

"इकडे ये!" स्टश त्याच्या स्वयंपाकघरातून ओरडत होता. "बर्नडीन, इकडे!"

ती कुंपणावरून उडी मारून आत गेली. स्टशने बापाची खाणीतली कुदळ काढली होती आणि तो फडताळ भिंतीपासून ओढत होता.

"इथं वीट नाही. फळ्या आणि चुना. पलीकडं तिचं स्वयंपाकघर आहे."

बर्नडीनने कुदळ घेतली आणि क्षणभर अडखळली. आठवडाभर वकीलबाईच्या कागदांनी तिचे डोके खाल्ले होते. करार केला तेव्हा घर ज्या स्थितीत होते त्याच स्थितीत द्यायचे, त्याच स्थितीत घ्यायचे.

"बघतेस काय!" म्हातारा किंचाळला. "सह्या झाल्या नाहीत अजून. भिंत माझी आहे. फोड!"

तिने फोडली. पहिल्या घावाला चुना ढासळला, दुसऱ्याला फळी चिरली, चौथ्याला कुदळीचे टोक पलीकडे कॅलेंडरमधून बाहेर आले. स्टशने पहारीने फळ्या उचकटल्या. खिडकीएवढे भोक पडताच तिने हात घातला. रेजिसने पलीकडून बुटाने तो हात फळीवर चेचला आणि उजव्या हाताची दोन बोटे मोडली. ती मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला, पण दुखले नाही. ती डोक्याने आत घुसली. त्याने तोंडावर लाथ मारली. पुन्हा मारणार तेवढ्यात स्टशची पहार भोकातून पुढे आली आणि त्याच्या नडगीवर बसली. तो वाकला. बर्नडीन फरशीवर पडली, कुदळीसकट.

कोलेट चुलीशी पडली होती. एक डोळा मिटलेला, केसांची बट उपटून निघालेली, आणि सगळ्या फरशीवर टोमॅटोचा रस्सा सांडलेला. रस्सा कुठला आणि रक्त कुठले ते कळत नव्हते. बर्नडीनने मग बाकी राखली नाही. दांड्याचा पहिला घाव रेजिसच्या गुडघ्यावर, दुसरा खांद्याच्या हाडावर. हाड वाळक्या काटकीसारखे वाजले. तो आईच्या नावाने ओरडला. तिने त्याच्या छातीवर पाय ठेवला, कुदळ उलटी केली, टोक खाली घेतले आणि दोन्ही हातांनी वर उचलली. ती मारणार होती. पुढे पोलिसांनाही तिने हेच सांगितले, लपवले नाही.

कुदळीला मागून कोणीतरी धरले.

कोलेट उभी होती. तिने बहिणीच्या हातातून कुदळ सोडवून घेतली. रेजिस रडत म्हणाला, "कोलेट, सोन्या, हिला सांग काहीतरी." कोलेटने त्याच्याकडे पाहिले. मग ती वळली आणि भिंत फोडू लागली. भोक लहान होते. ती एकेका घावाबरोबर ओरडत होती, वीस वर्षांत कोणी ऐकली नव्हती अशी. फळ्या पडल्या, कॅलेंडर पडले, तिची चिनीमातीची बशी पडली. माणूस ताठ मानेने जाईल एवढे भोक झाल्यावर तिने कुदळ टाकली आणि त्यातून स्टशच्या स्वयंपाकघरात गेली.

"दारानं गेले असते तर सगळ्यांनी बघितलं असतं," ती पलीकडच्या खुर्चीवर बसत म्हणाली.

पोलीस पस्तीस मिनिटांनी आले. रेजिसला स्ट्रेचरवर बेड्या घालून नेले, आणि या वेळी कोलेटने कोणालाही काही लिहून दिले नाही. बर्नडीनला तीन तास बसवून प्रश्न विचारले. सरकारी वकिलाने तिच्यावर खटला भरला नाही. तिला त्याचे थोडे आश्चर्यच वाटले.

सेटलमेंट बुधवारी झाली. बर्नडीनचा उजवा हात प्लास्टरमध्ये, नाक कापसाने भरलेले. स्टशच्या मनगटाला पट्टी, आणि मांडीवर रुमालात गुंडाळलेले जोसेफचे धुतलेले तुकडे. मार्लाबाई सकाळीच घर बघून आल्या होत्या आणि त्यांचा चेहरा पडलेला होता.

"भिंतीला साडेपाच फुटांचं भोक आहे," त्या म्हणाल्या. "करारात असं घर देता येत नाही. आधी मिस्टर ओलेक्सांनी ते बुजवायचं, मग सह्या. पुढची तारीख देऊ?"

"बुजवायचं नाही," बर्नडीन म्हणाली.

"बरं. ते लिहून घेते." त्यांनी पान उलटले. "दुसरं. घर पूर्ण रिकामं करून द्यायची अट आहे. मिस्टर ओलेक्सा, घर रिकामं आहे ना?"

"नाही," स्टश म्हणाला. "हिची बहीण राहते तिथं. शनिवारपासून."

मार्लाबाईंनी चष्मा काढला. "मग तर अवघड आहे. त्या निघेपर्यंत थांबावं लागेल. त्या कधी निघणार आहेत?"

बर्नडीनने कागद स्वतःकडे ओढले आणि डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत, सही केली.